स्वयंपाक करणारी जेवायला कधी बसते?

विकतच्या चपात्या घरात आणणारी बाई आळशी, हा शिक्का आपल्याकडे फार लवकर मारला जातो. मारणारे सगळे पुरुषच असतात असेही नाही. शेजारीण मारते, नणंद मारते, कधी कधी सख्खी आईसुद्धा मारते. महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, दिवसभर नोकरी करून आणि लोकलचे धक्के खाऊन आल्यावर पुन्हा परात घेऊन कोणी बसायचे? दुसरा म्हणतो, मग त्याला घर कशाला म्हणता, खानावळ म्हणा.

या 'खानावळ' शब्दापासूनच आज सुरुवात करते. मुंबईत गिरण्या भरात होत्या तेव्हा हजारो कामगार बायकामुलांना कोकणात आणि घाटावर ठेवून एकेकटे राहत. एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. (या खानावळीही गाव आणि जात पाहून चालत, पण तो वेगळा विषय आहे.) खानावळ चालवणाऱ्या पुष्कळशा बायकाच असत. आपल्या एवढ्याशा खोलीत त्या पंधरा-वीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक करत. पैसे पगार झाल्यावर मिळत, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेच्या कर्जाचा रस्ता दाखवला. त्याच्याही आधी, १९५९ साली, गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून पुढे लिज्जत पापड उभा राहिला. थोडक्यात, कोणीतरी रांधलेले विकत घेऊन खाणे ही मुंबईत शंभर वर्षांची रीत आहे. त्या खानावळीत जेवणाऱ्या गिरणी कामगाराला कोणी आळशी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. तो दमून येतो, त्याला कोण रांधून घालणार, असेच सगळे म्हणत. मग संध्याकाळी सातला तितकीच दमून येणारी बाई आळशी कशी?

बरे, झटपट स्वयंपाक हा काही कंपन्यांनी लावलेला शोध नव्हे. माझी आई जालना जिल्ह्यातली. दिवस उजाडायच्या आत भाकरी थापून खुरपणीला जाणारी. तिला स्वयंपाकाला दोन तास कोण देणार होते? म्हणून उन्हाळ्यात शेतात काम नसे तेव्हा ती आणि आळीतल्या बायका पुढच्या वर्षाची सोय करून ठेवत. सांडगे, कुरडया हे ज्या वर्षी धान्य बरे असेल त्या वर्षी. पण हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवलेला असे, मिरची कुटलेली असे, बाजारातून आणलेली सुकट डब्यात भरलेली असे आणि येसर असे. येसर म्हणजे भाजलेले धान्य, डाळ आणि मसाला यांचे एकत्र पीठ. पाण्यात कालवून फोडणीत ओतले की दहा-पंधरा मिनिटांत घरादाराचे कालवण तयार. आज चकचकीत पाकिटावर 'फक्त गरम पाणी घाला' असे छापून जे विकतात, त्याची ही थोरली बहीण. पिठले तर त्याहून लवकर होते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या लोकांच्या अशा खाण्याची नोंद करून ठेवली आहे. पाककृतींच्या जाडजूड पुस्तकांतून हे पदार्थ शोधूनही सापडत नसत.

सांगायचे ते असे की कष्ट करणाऱ्या बाईने स्वयंपाकात सोय नेहमीच शोधली आहे. डावी बाजू, उजवी बाजू, वरण, भात, दोन भाज्या, कोशिंबीर हे ताट ज्या घरांतल्या बायकांना बाहेर कामाला जावे लागत नव्हते त्या घरांतले. शहरात आलो, शिकलो, चार पैसे हातात आले, तसे ते आपल्याकडेही आले. यावे, त्याला माझा विरोध नाही. मुलांच्या पोटात भाजी-डाळ जाते ते चांगलेच. फक्त ते ताट रांधायला त्या घरांत तिघी-चौघी असत, आणि आपल्या घरात एकटी बाई आहे. तीही सकाळची लोकल पकडणारी. परतीच्या गाडीत लेडीज डब्यात पाहा, मांडीवर पिशवी पसरून बायका मटार सोलत असतात, मेथी निवडत असतात. स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत भाजी निवडून झालेली असते. प्रवासातला तो तास झोपेचा होता.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर, कचेरीत दिवसभर आकडेच लिहिते, तेव्हा थोडे आकडे सांगते. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळ-वापर पाहणी केली. सहा वर्षांवरील माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची ती नोंद होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका शंभरात ८१ निघाल्या, पुरुष २६. जे करतात त्यांच्या वेळेची सरासरी काढली तर बाईची रोजची २९९ मिनिटे आणि पुरुषाची ९७. यात स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट सगळे आले. २९९ ला सातने गुणा, आठवड्याचे जवळजवळ ३५ तास होतात. बाबासाहेब मजूरमंत्री होते त्या काळात, १९४६ साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. त्यासाठी कायदा करावा लागला, मालक आपणहून देत नव्हते. स्वयंपाकघरातले तास मात्र कोणत्याच कायद्यात बसत नाहीत.

पाच वर्षांनी, २०२४ साली, हीच पाहणी पुन्हा झाली. बाईच्या २९९ मिनिटांची २८९ झाली. चला, दहा मिनिटे तरी वाचली म्हणून समाधान मानावे, तर पुरुषाच्या ९७ ची ८८ झालेली. गॅस आला, मिक्सर आला, त्याची सवलत त्यांनीही घेतली!

यंत्रांनी वेळ वाचवला नाही असे नाही. कुकरचेच घ्या. झाकण बंद झाले की वाफ आत कोंडते, दाब वाढतो, आणि पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांवर उकळते. म्हणून तासभर रटरटणारी डाळ पंधरा-वीस मिनिटांत शिजते. म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास हातात आला. तो गेला कुठे? मुलाला डब्यात पराठा, मुलीला इडली, साहेबांना भाजी-चपाती, सासूबाईंना दात नाहीत म्हणून मऊ भात. पूर्वी एक कालवण आणि भाकर होती तिथे चार प्रकार झाले. सकाळी खात्यावर जमा झालेले पैसे दुपारीच काढून घ्यावेत तसा हा प्रकार. वाचलेला वेळ नव्या कामाने खाल्ला, आणि सगळ्यांनी मिळून बसून जेवण्याच्या वाट्याला त्यातली पाच मिनिटेही आली नाहीत.

आता ज्यासाठी आजचा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते. आपल्या घरात सगळे एकत्र का जेवत नाहीत, असे विचारले की टीव्ही, मोबाईल, क्लास, शिफ्ट, उशिरा येणाऱ्या गाड्या अशी यादी ऐकायला मिळते. ती कारणे खरीच आहेत. पण मंडळाच्या कामासाठी संध्याकाळी घरोघर जावे लागते तेव्हा मी पाहते की जिथे रात्री नऊला सगळी माणसे घरात हजर असतात, तिथेही एक माणूस जेवायला बसलेले नसते. ते ओट्याशी उभे असते. कारण तव्यावरची चपाती थेट ताटात पडली पाहिजे, असा घराचा दंडक असतो. नवऱ्याला वाढा, मुलाला वाढा, 'अजून एक आण' म्हटले की धावा. तिची शेवटची चपाती भाजून होते तेव्हा नवरा हात धुऊन बातम्या लावून बसलेला, मुले मोबाईलवर, आणि ती गॅस पुसून, खाली बसून, उरलेले एकटी जेवते. मुलगी वयात आलेली असेल तर तीही आईबरोबर मागे राहते. असे घर एकत्र जेवले म्हणायचे का?

माझ्या मते कुटुंबाचे जेवण मोडायला टीव्हीपेक्षा ही गरम चपाती जास्त कारणीभूत आहे. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण त्यात वरकरणी प्रेम आहे. वाढणारीलाही ते प्रेमच वाटते. गरम खाऊ घालण्यात मलाही आनंद आहे, पण तो सणावाराला, पाहुणा आला तर. रोज रात्री, तीनशे पासष्ट दिवस?

आपल्याकडे सहभोजनाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी कोणाच्या पंगतीला बसावे यावरून आपल्या वाडवडिलांचा काय अपमान झाला ते मी या पानावर नव्याने सांगायला नको. दुसऱ्याने आपल्याला पंगतीबाहेर ठेवले तर ते चटकन कळते. घरातल्या पंगतीबाहेर कोण आहे ते मात्र दिसत नाही, कारण तिला कोणी उठवलेले नसते, ती बसलेलीच नसते.

आमच्या मंडळातली एक भगिनी एका दवाखान्यात आया म्हणून काम करते. नवरा रखवालदार, मुलगा बारावीत, मुलगी आठवीत, शिवाय सासूबाई. गेल्या पावसाळ्यात तिने घरात जाहीर केले की मी पंधरा चपात्या करीन, गॅस बंद करीन, आणि मग सगळे एकदम बसू. नवरा पहिले आठ दिवस मुकाट्याने जेवला, म्हणजे रागावून. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं नव्हतं." मुलाला काहीच फरक पडला नाही, त्याचे लक्ष ताटात कुठे असते! पण दोन-तीन आठवड्यांनी दोन गोष्टी घडल्या. एके दिवशी मुलाने विचारले, "मम्मी, तुझ्या वाटीत नुसता रस्सा का? बटाटा कुठाय?" ती अठरा वर्षे नुसताच रस्सा घेत आली होती. फोडी पुढच्यांना वाढून संपलेल्या असत. ती मागून जेवायची तेव्हा हे कोणाला दिसतच नव्हते. आता भाजी कमी पडली तर ती सगळ्यांच्या ताटात कमी पडते आणि सगळ्यांना कळते. दुसरी गोष्ट सासूबाईंची. एका रात्री जेवता जेवता त्या म्हणाल्या की त्यांचे मालक गेले तोवर चाळीस वर्षांच्या संसारात दोघे एकदाही समोरासमोर बसून जेवले नाहीत. एवढेच बोलल्या आणि पुन्हा जेवू लागल्या.

रश्श्याची गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी शंभरात ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात ५४. त्याला पुष्कळ कारणे आहेत, मागून जेवणे हे एकच नाही. पण ज्या घरात आधी पुरुष, मग मुले आणि शेवटी बाई जेवते, तिथे डाळ-भाजी-मटण पातेल्याच्या तळाशी गेल्यावर तिची पाळी येते, हे समजायला डॉक्टर लागत नाही. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात त्या घ्याव्याच. जेवणात लिंबू पिळावे, आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नये, चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. पण गोळी घेऊन पुन्हा रिकाम्या पातेल्याशी बसायचे असेल तर गोळी किती पुरी पडणार?

आता 'थंड चपाती घशाखाली उतरत नाही' या तक्रारीचे काय करायचे? पातळ फुलका लवकर कडक होतो हे खरे. पण घडीची चपाती, म्हणजे आत तेलाचे बोट फिरवून दुमडून लाटलेली, तासाभराने सुद्धा मऊ राहते. कणीक जरा सैल आणि कोमट पाण्यात भिजवावी, झाकून वीस मिनिटे ठेवावी. भाजलेल्या चपात्या धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर वाफेचे पाणी फडके शोषून घेते आणि चपात्या ओल्या होत नाहीत. ज्याला तव्यावरचीच हवी असेल त्याने उठून स्वतः तव्यावर गरम करून घ्यावी, हात सगळ्यांना आहेत. आठवड्यातून दोन रात्री चपाती नाहीच असेही ठरवता येते. खिचडी, मसालेभात, पिठले-भात, हे एका पातेल्यातले जेवण. पातेले मध्ये ठेवले की वाढायलाही कोणी उठायला नको.

विकत काय घ्यावे आणि काय नाही, याचा माझा साधा हिशेब आहे. एक सोय अशी असते की काम कमी होते आणि अन्न तेच राहते. निवडलेली भाजी, मोड आलेली मटकी, सोललेला लसूण, इडलीचे वाटलेले पीठ, केंद्रावरची चपाती ही त्यातली. (दुकानाच्या पाटीवर 'पोळी-भाजी केंद्र' असते, आपण तिला चपातीच म्हणतो.) ती परवडेल तेवढी घ्यावी, लाजू नये. दुसरी सोय अशी की काम जाते आणि त्याबरोबर अन्नही जाते. नूडल्सचे पाकीट, चिप्स, बिस्किटे, गोड पेये ही दुसऱ्यातली. २०२४ च्या मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी आहाराच्या ज्या सूचना काढल्या, त्यांत अशा अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांपासून दूर राहा आणि मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगितले आहे. रोज रात्री मुलांपुढे नूडल्स ठेवून वाचवलेला वेळ पुढे दवाखान्याच्या रांगेत जातो.

पैशाचेही पाहू. आमच्या स्टेशनबाहेर चपाती दहा रुपयांना आहे. बारा चपात्यांचे १२० रुपये. रोज घेतल्या तर महिन्याचे ३,६०० होतात, ते आपल्यासारख्यांना झेपत नाही. पण आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्यातून आठ वेळा, घेतल्या तर ९६० रुपये. घरी त्याच चपात्यांना पीठ-तेल-गॅस लागतोच, तो वजा केला तर जादा खर्च सातशेच्या आसपास. त्या बदल्यात आठ रात्री कणीक भिजवण्यापासून परात घासण्यापर्यंतचा पाऊण-एक तास मोकळा. ज्या घरात महिन्याला तेवढ्या पैशाचा गुटखा-तंबाखू जातो त्या घराने तरी महाग म्हणू नये.

चपात्यांना बाई लावणे हा आणखी एक मार्ग, आणि नोकरदार भगिनी तो घेतात. पण ती बाई कोण असते? पुष्कळदा आपल्याच वस्तीतली, आपल्याच समाजातली असते. सकाळ-संध्याकाळ सहा घरच्या चपात्या लाटून ती रात्री साडेनऊला स्वतःच्या घरी पोहोचते आणि तिथे पुन्हा परात काढते. आपले घर नऊला एकत्र जेवावे म्हणून तिचे घर अकराला जेवत असेल तर ती सोय कोणाच्या जिवावर झाली, हे आपण तरी विसरता कामा नये. तिला संध्याकाळी लवकरची वेळ द्या, आठवड्याची एक सुट्टी पगारी द्या, 'खाडे' धरू नका. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला आहे. त्याखाली तिची नोंदणी झाली आहे का ते विचारा, झाली नसेल तर कागदपत्रे जमवायला मदत करा. अर्ज भरून देणे आपल्यासारख्या लिपिकांना काय जड आहे!

रविवारबद्दल दोन शब्द. 'आम्ही रविवारी सगळे एकत्र जेवतो' असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. रविवार म्हणजे मटण. मटण म्हणजे कांदा-खोबरे भाजा, वाटा, मटण धुवा, शिजवा, भाकरी थापा, आणि दुपारी तीनला तेलकट भांड्यांचा ढीग घासा. आठवड्यातले सर्वांत अवघड काम त्या दिवशी, आणि सुट्टीही त्याच दिवशी. कांदा-खोबऱ्याचे वाटण शनिवारी रात्री भाजून, वाटून फ्रीजमध्ये ठेवता येते, चार-पाच दिवस टिकते. ते भाजायला पुरुष माणूसही चालतो. आमच्याकडे मुलगा भाजतो, एकदा जाळले, आता जळत नाही.

आणि आता थोडे आपल्या कार्यकर्ते बंधूंसाठी. त्यांना राग येईल, येऊ दे. समाजकार्य करणाऱ्यांच्या घरचे जेवण सर्वांत आधी मोडते. मीटिंग साडेआठची ठरते, नऊला माणसे जमतात, साडेदहापर्यंत चर्चा, मग कोपऱ्यावर उभे राहून अकरापर्यंत तीच चर्चा. घरी बाई ताट झाकून बसलेली. कधी बरोबर आणखी दोघे असतात, 'वहिनी, जयभीम, काही असेल ते चालेल' म्हणणारे. काही असेल ते चालत नाही, त्यांच्यासाठी साडेअकराला पुन्हा पीठ मळावे लागते हे वहिनीलाच माहीत. स्त्री-मुक्तीच्या ठरावावर चाललेल्या बैठकीमुळेच एखाद्या घरी हे घडलेले मी पाहिले आहे. मुलांनी बापाला ताटावर पाहिलेलेच नसते, व्यासपीठावर मात्र पाहिलेले असते.

आमच्या वस्तीत आम्ही बायकांनी विहाराच्या समितीपुढे हा विषय मांडला. बैठक सातला सुरू व्हावी आणि साडेआठला उठावी, एवढेच मागणे होते. सातला नोकरीवरून माणसे येत नाहीत, असे उत्तर आले. मग रविवारी सकाळी दहाला घ्या म्हटले. रविवारी सकाळी मटण आणायला जायचे असते, असे एकजण खरोखरच म्हणाले आणि सगळे हसले. शेवटी महिन्यातून दोन बैठका रविवारी सकाळी आणि तातडीचे काही असेल तरच रात्री, असे ठरले. गेले सात महिने ते बऱ्यापैकी पाळले जात आहे. मटण आता नऊच्या आत येते.

मंडळातल्या तरुण मुलींनी येसराचे प्रमाण मागितले आहे, ते आईच्या हिशेबाने देते. बाजरी किंवा ज्वारी दोन वाट्या, गहू एक वाटी, हरभऱ्याची डाळ एक वाटी, तांदूळ अर्धी वाटी. हे प्रत्येक वेगवेगळे, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत कोरडेच भाजावे. एकत्र भाजले तर तांदूळ कच्चे राहतात आणि बाजरी करपते. धने अर्धी वाटी, जिरे दोन चमचे, किसलेले सुके खोबरे अर्धी वाटी, सुक्या मिरच्या दहा-बारा, दालचिनीचे दोन तुकडे, पाच-सहा लवंगा, दहा-बारा मिरे, दोन तमालपत्रे, हेही भाजून घ्यावे. सगळे पूर्ण गार झाल्यावर हळद घालून गिरणीतून किंवा मिक्सरवर दळावे आणि कोरड्या बरणीत भरावे. ओला चमचा घातला नाही तर दोन-तीन महिने चांगले राहते. चार माणसांच्या कालवणाला चार मोठे चमचे येसर दोन वाट्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे, कांदा-लसणाची फोडणी करून त्यात ओतावे, मीठ घालून आणखी दोन-तीन वाट्या गरम पाणी घालावे आणि तळाला लागू नये म्हणून ढवळत दहा मिनिटे उकळू द्यावे. थांबले की दाट होते, म्हणून जरा पातळच उतरवावे. बरोबर भाकरी किंवा भात, आणि कच्चा कांदा.